पिपरडोहच्या पाण्याची बातमी

इंदूबाईला आपल्या लेकीला एकच गोष्ट विचारायची होती, आणि आषाढापासून ती गोष्ट तिच्या घशात अडकून बसली होती. पोळी लाटताना ओठावर यायची, पोळी तव्यावर पडली की परत आत जायची. लेक समोर बसून जेवायची, साडीला इस्त्री करायची, आणि इंदूबाई म्हणायची, "आज कोणती नेसून राहिली वं?" विचारायचं असायचं भलतंच.

लेक म्हणजे मोनाली रंगारी. सरकारी वाहिनीवर संध्याकाळच्या मराठी बातम्या वाचणारी. रंगानं सावळी, कपाळ मोठं, आणि आवाज भरलेल्या माठासारखा, कुठे पोकळ वाजायचा नाही. एक काळ असा होता की ती पडद्यावर आली म्हणजे नागपूरच्या नंदनवनातल्या त्यांच्या गल्लीत बाया गॅसवरचा भाजीचा गंज उतरवून टीव्हीपुढे बसत. बातमी काय आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. मोनालीनं कानात काय घातलं ते पाहायचं असे. आता तीच गल्ली तिचं तोंड दिसताच चॅनल बदलत होती, आणि भाजीवालासुद्धा इंदूबाईला कोथिंबीर देताना मान वर करत नव्हता.

मोनालीचा आवाज घडला तो नागपुरात नाही, पिपरडोहात. पिपरडोह हे कुही तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, बसलेलं गाव, इंदूबाईचं माहेर. इंदूबाईचा नवरा दादाजी लकडगंजात आरागिरणीवर कामाला होता. गिरणीमागच्या खोलीत तिघांचा संसार. लाकडाच्या भुशानं लेकराला सारखी धाप लागायची. तेव्हा इंदूबाईचा मोठा भाऊ रुपराव आला नि म्हणाला, "पोट्टीले मी घेऊन जातो. हवा खाईन, चार अक्षरं शिकन."

रुपरावाच्या बायकोचं नाव पार्वतीबाई. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं मोनालीला अशी पदराखाली घेतली, की सातवी होईपर्यंत पोरीला तुझी आई कोणती असं विचारलं तर ती जरा विचार करून सांगायची. दादाजी गेला तेव्हाही इंदूबाईच्या आधी पार्वतीबाईच्या गळ्यात पडून रडली होती.

पिपरडोहच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई. आषाढी पौर्णिमेला ग्रंथ उघडायचा, अश्विन पौर्णिमेला समाप्ती, खीर, भोजनदान. वाचणारा एक जण होता, तो ओळीओळीला अडखळायचा, आणि बाया भिंतीला टेकून डुलक्या काढायच्या. एकदा त्याला ताप आला. पार्वतीबाईनं पाचवीतल्या मोनालीला दंडाला धरून पुढे बसवलं. "वाच वं. भ्यायचं नाही." पोरीनं वाचलं. कोणाची डुलकी लागली नाही. त्यानंतर ती तिथे होती तोवर त्या गावानं दुसऱ्या कोणाला ग्रंथापुढे बसू दिलं नाही.

पार्वतीबाईला अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, "मोनाली वाचते तवा मले वाटते मीच माह्या डोयानं वाचून राहिली."

मेणबत्तीच्या उजेडात ती एवढीशी पोरगी, पुढे उघडा ग्रंथ, आणि गाव हात जोडून बसलेलं. तिच्या तोंडून जे यायचं ते सारं खरंच असायचं. ही सवय पिपरडोहच्या कानांना लागली आणि पुढे कधी सुटली नाही.

कॉलेज झाल्यावर मोनालीनं सरकारी वाहिनीत आवाजाची परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. नोकरी पक्की नव्हती. महिना सुरू व्हायच्या आधी फोन यायचा, अमुक अमुक वारी ड्युटी. फोन आला तर ड्युटी, नाही तर नाही. तिथली रीत अशी की वाचणाऱ्यानं बातमी लिहायची नाही. लिहून, तपासून, सही होऊन जी येते तिला तिथे कॉपी म्हणतात. समोरच्या काचेवर तिची अक्षरं सरकत जातात. वाचणाऱ्यानं ती वाचायची, काना इकडचा तिकडे करायचा नाही. कॉपी देणारे संपादक होते मधुसूदन सर. माणूस कनवाळू, कोणाच्या घरी दुखलंखुपलं तर आधी धावणारा. पण "वरून आलं आहे" एवढं म्हटलं की त्यांचे हातपाय गळायचे.

मोनालीनं सरकारी गणवेशासारखा तो आवाज वर्षानुवर्षं घातला. मंत्री बदलले, पक्ष बदलले, काचेवरची अक्षरं बदलली, मोनाली तीच राहिली. लोक म्हणत, हिच्या तोंडून मरणाची बातमीही बरी वाटते. लग्नाचं दोनदा पाहिलं, जमलं नाही. एकाच्या आईनं तर तोंडावर म्हटलं, "रोज संध्याकाळी सूनबाई टीव्हीत, मंग माह्या पोराले पोळ्या कोण वाढन?" इंदूबाई उठून आली होती तिथून, चहाही न पिता.

पहिलं गालबोट लागलं ते हिवाळी अधिवेशनात. नागपुरात थंडी पडली की मोर्चे येतात. कंत्राटावर काम करणाऱ्या बायांच्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. संध्याकाळी मोनालीनं वाचलं, "जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी सौम्य बळाचा वापर केला." समोरच्या घरातली दीप्ती, दवाखान्यात कंत्राटावर नर्स, त्या मोर्च्यात होती. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात हात अडकवून दारात उभी राहिली.

"काकू, हे पाहून घ्या. सौम्य पलास्तर आहे."

गल्लीला हसायला बरं झालं. पानठेल्यावरची टवाळ मंडळी मोनालीची मोपेड गेली की ओरडायची, "आली गा सौम्य मॅडम!" मोबाइलवर तिचं ते एक वाक्य कोणी ढोलकीच्या तालावर बसवलं. मोनाली दीप्तीकडे मात्र हाडांना चांगली म्हणून रोज शेवग्याच्या शेंगांचं वरण देऊन यायची. दीप्ती वरण घ्यायची आणि दार लावून घ्यायची.

ते निभलं असतं. पण नंतर पाण्याची बातमी आली.

पिपरडोहात नवी टाकी झाली, घरोघर नळ आले. पावसाळा लागताच गावात हगवण-उलट्या सुरू झाल्या. लोक म्हणाले, पाणी खराब आहे. बाया पाणी उकळून प्यायला लागल्या, काही जुन्या विहिरीवर परत गेल्या. तालुक्याला ओरड झाली, आणि एका संध्याकाळी मोनालीच्या पुढच्या काचेवर अक्षरं सरकली. तिनं वाचलं, "कुही तालुक्यातील पिपरडोह येथील नळाचे पाणी तपासणीत पिण्यास योग्य आढळले असून, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर पिपरडोहानं हात झटकले असते. सरकारचं काय, सरकार म्हणतच असतं. पण वाचलं मोनालीनं. त्या गावाच्या कानाला तो आवाज टीव्हीचा वाटलाच नाही. विहारातला वाटला. घरोघर चुलीवरची पातेली उतरली. आठवडा गेला नाही तर अर्धं गाव आडवं पडलं, आणि पार्वतीबाई नागपूरला दवाखान्यात आणता आणता हातची गेली. मागून कळलं, नळाचा पाइप नाल्याजवळ फुटला होता आणि नाल्याचं पाणी त्यात शिरत होतं.

मयतीला मोनाली गेली तेव्हा रुपराव अंगणाच्या तोंडाशी आडवा झाला. पंचाहत्तरीचा माणूस, धोतराचा सोगा हातात, डोळे कोरडे.

"तुले मालूम होतं," तो म्हणाला. "नोकरीसाठी वाचलं तू. माह्या आंगनात पाय नोको ठेवू."

मोनाली उलट एक शब्द बोलली नाही. अंगणाच्या दगडी बांधापाशी उभी राहिली आणि तिथूनच हात जोडले. तिचं ते गप्प राहणं इंदूबाईला लागलं. कारण नसलं माहीत, तर माणूस म्हणतो ना, नव्हतं माहीत!

तीच ती घशातली गोष्ट.

अश्विन पौर्णिमा जवळ आली आणि रुपरावाचा फोन आला. त्यानं समाप्तीचं भोजनदान पार्वतीबाईच्या नावानं धरलं होतं.

"इंदे, तू येजो. एकटी येजो."

"भाऊ, पोट्टीले..."

"एकटी म्हटलं ना मी." फोन बंद.

इंदूबाई फोन हातात धरून बसून राहिली. मोनाली आत केस विंचरत होती. त्या दिवशी इंदूबाईनं ना पोळी लाटायला घेतली ना साडीचं विचारलं. सरळ आत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मोनाली, एक सांग. तुले मालूम होतं का वं, पाणी खराब आहे म्हणून?"

मोनालीचा कंगवा थांबला.

"एवढे दिवस तू हेच विचारू विचारू करून राहिली होती ना?"

"सांग ना."

"नव्हतं मालूम, आई."

इंदूबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की तिलाच खोकला आला. "मंग तवाच काहून नाही बोलली? भावाच्या तोंडावर काहून नाही सांगतलं?"

मोनाली आरशाकडे पाठ करून बसली. "कसं सांगू? लोकाईले वाटते मी खोटं वाचते. आई, खोटं वाचता येतच नाही मले. मी वाचायच्या आधी कॉपी हातात घेते अन् मनातल्या मनात म्हणते, हे खरं आहे. मानून घेते. नाही मानलं तर आवाज हालते, वाचणाऱ्याले कळते, ऐकणाऱ्यालेही कळते. दीप्तीच्या मोर्च्याचंही मी मानलंच होतं. सौम्य म्हणजे सौम्य. मी रोज मानत गेली. तेच माहं काम होतं."

इंदूबाईला यातलं अर्धं समजलं. तिच्या कानात एवढंच वाजत होतं, नव्हतं मालूम, नव्हतं मालूम. हे शब्द भावाच्या ओंजळीत टाकायला ती इतकी उतावीळ झाली की तिथल्या तिथे म्हणाली, "चाल माह्यासंगं."

"मामाजीनं एकटीले बोलावलं."

"बोलावू दे. तो भाऊ माहा आहे."

निघायच्या दिवशी सकाळी मधुसूदन सरांचा फोन आला. मोनालीनं आवाज मोठा ठेवला होता, इंदूबाईला सगळं ऐकू आलं.

"मोनाली, गावाला जाते आहेस म्हणे. जा, घरचं कार्य आहे. पण त्या बातमीबद्दल तिथे काही बोलू नकोस बाई. चौकशी सुरू आहे. वरून स्पष्ट सांगितलंय, बातम्या वाचणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. बोललीस तर पुढच्या महिन्याचा ड्युटीचा फोन मी करू शकणार नाही. माझ्या हातात नसतं ते, तुला माहीत आहे."

"हो सर, माहीत आहे," मोनाली म्हणाली.

"जेवण वगैरे करून लगेच परत ये."

कुहीच्या बसमध्ये मोनालीनं ओढणी तोंडाला गुंडाळली होती. तरी एका म्हातारीनं डोळ्यांवरून ओळखलंच, आणि सुनेच्या कानात काही सांगितलं. सून वळून वळून पाहत राहिली. इंदूबाईनं दोघींकडे असं पाहिलं की त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर धान निसवून लोंब्यांवर आला होता, बांध्यांत हिरवं पिवळं एकमेकांत मिसळलेलं. इंदूबाईला आज सगळं बरं दिसत होतं. भावाचं दार उघडायची किल्लीच जणू तिच्या कनवटीला होती.

रुपराव अंगणात खाटेवर बसला होता. बहिणीमागे भाची दिसली तशी त्याची मान ताठ झाली.

"जयभीम, भाऊ," इंदूबाई म्हणाली.

"जयभीम. मी काय सांगतलं होतं?"

"सांगतलं होतं तू. मी ऐकलं नाही. लहानपणापासून कधी ऐकलं का तुहं?" ती अंगणात शिरली. मोनाली बांधापाशीच उभी राहिली, पावलं बाहेर. "भाऊ, तिले मालूम नव्हतं. मी विचारलं तिले. तिच्यासमोर जे आलं ते तिनं खरं समजून वाचलं. बस, एवढंच."

रुपराव उठला. बांधापर्यंत आला. मोनालीपुढे उभा राहून त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बैल घेताना पाहावं तसं.

"हे सांगते ते खरं?"

"खरं आहे मामाजी. मालूम नव्हतं."

इंदूबाईनं डोळे मिटले. झालं. आता भाऊ म्हणेल, ये आत.

"पण तेवढंच नाही," मोनाली म्हणाली.

इंदूबाईचे डोळे उघडले.

"कॉपीत गावाचं नाव पाहून मले आनंद झाला होता, मामाजी. आपलं पिपरडोह टीव्हीवर. मी ते नाव मुद्दाम ठसक्यात वाचलं. तुमाले एक फोन करून विचारावं, पाणी खरंच कसं आहे, हे डोक्यात पण नाही आलं. अन् त्या संध्याकाळी मामीचाच फोन आला."

"कोणाचा?"

"मामीचा. म्हणे, किती छान वाचलं वं माय. मंग म्हणे, आता उकळाव नाही लागत ना? मी म्हटलं..." मोनालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हटलं, नाही लागत मामी. टीव्हीवर सांगतलं ना."

इंदूबाईला वाटलं, धावत जाऊन हिच्या तोंडावर हात ठेवावा. हे कोणाला ठाऊक नव्हतं! मेलेल्या बाईबरोबर गेलेली गोष्ट. कोणत्या चौकशीत आली नसती, कोणी विचारली नसती. भैताड पोट्टी! एवढा मोठा आवाज दिला निसर्गानं, अक्कल देताना हात आखडला.

अंगणातल्या कोंबड्या रुपरावाच्या पायाशी येऊन गेल्या. तो बांधाच्या दगडावर खाली बसला.

"मले नाही सांगतलं तिनं," तो म्हणाला. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "दवाखान्यात नेताना गाडीत मी तुले शिव्या घालून राहिलो होतो. ते मान हालवत होती. मले वाटलं, हो म्हणून राहिली. ते नाही म्हणून राहिली होती वं. तो फोन माह्यापासून लपवून गेली."

मोनाली तिथेच, बांधाच्या बाहेर, उकिडवी बसली आणि रडायला लागली. टीव्हीवर दिसतं तसं काही नव्हतं त्या रडण्यात. नाक वाहत होतं, ओढणी भिजली होती. मामा बांधाच्या आत, भाची बाहेर, मधे वीतभर दगड. इंदूबाई मधे पडली नाही. दोन्ही माणसं तिचीच, कोणाचे डोळे आधी पुसायचे?

शेवटी रुपरावानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"हे मले एकट्याले सांगून भागत नाही. गावात घरोघर लोक पडले होते. तुह्या भरवशावर पडले होते. विहारात चाल. तथी सांग."

"भाऊ!" इंदूबाई ओरडली. "तिची नोकरी जाईन. सरांनी आजच फोन केला. बोलली तर पुढच्या महिन्याले बोलावणं नाही."

रुपरावानं मोनालीकडे पाहिलं. "असं आहे?"

"आहे," मोनाली म्हणाली आणि उठली. "चला मामाजी."

विहारात भंतेजींचं आशीर्वचन झालं होतं. शाळेतल्या गुरुजींनी ग्रंथाचं शेवटचं पान वाचून समाप्ती केली, आणि बाहेर खिरीच्या गंजाभोवती बायांची लगबग सुरू झाली, तेवढ्यात रुपराव पुढे जाऊन उभा राहिला.

"बसा जरा. खीर कोठी पळून नाही जात. मोनाली बोलन."

कुजबुज झाली. मागून कोणी म्हणालं, "अजून काय बाकी राहिलं आता?" मोनाली पुढे आली. पांढरा सलवार-कुडता, डोळे सुजलेले. बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं मान ताठ झाली.

"नमस्कार. आज मी आपल्यासमोर..."

"बातम्यावाणी नोको बोलू वं!" पहिल्या ओळीतून वच्छलाबाई ओरडली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, दात गेलेले, जीभ शाबूत. "सरळ बोल."

एकदोघी हसल्या. मोनालीनं एकदा भिंतीकडे पाहिलं, जशी काही तिथे अक्षरं असतील. नव्हती. मग तिनं मामाला सांगितलं तेच सांगितलं, पण तुटक, उलटसुलट. कॉपीचं सांगता सांगता मामीच्या फोनवर आली, परत मागे गेली, एक शब्द दोनदा म्हटला. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. इतकं वाईट बोलताना तिला त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. बाहेर खिरीखालचं लाकूड तडकलं तेही आत ऐकू आलं.

मधेच कोणीतरी मोबाइल वर केला. मग आणखी दोनतीन हात वर झाले. इंदूबाईनं ते हात मोजले. आज संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या नागपुरात फिरणार, ढोलकीवर बसणार, मधुसूदन सर पाहणार, त्यांचे वरचे पाहणार.

"मोबाइल खाली करा रे!" रुपराव गरजला. त्याच्या अंगात एवढा आवाज शिल्लक असेल असं इंदूबाईला वाटलं नव्हतं. "आपली पोट्टी आपल्याले सांगून राहिली. दुनियेच्या बापाचं काय आहे यात? खाली करा म्हटलं ना!"

हात खाली यायला लागले.

"राहू द्या मामाजी," मोनाली म्हणाली. "काढू द्या त्याईले. मी जे वाचलं होतं ते दुनियेनं ऐकलं होतं. हेही ऐकू दे."

रुपराव तिच्याकडे पाहत राहिला. मग तो हळूहळू बाजूला सरकला आणि तिच्या उजव्या हाताला, जिथे फोनमध्ये तोही दिसेल अशा जागी, उभा राहिला. इंदूबाईनं ते पाहिलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, नाही तर तिचा हुंदका सगळ्यांनी ऐकला असता.

मोनालीचं बोलणं संपलं ते कोणाला कळलंच नाही. तिनं हात जोडले नाहीत, धन्यवाद म्हटलं नाही. फक्त थांबली. कोणाला राग आला होता, कोणाला कीव, आणि कोणाला आपापली आजारपणं आठवत होती. ज्याचा भाऊ मरता मरता वाचला तो एक जण उठला आणि कोणाकडे न पाहता बाहेर निघून गेला. त्याला कोणी थांबवलं नाही.

मग वच्छलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ते सारं झालं वं माय. मंग आता पाणी प्याव का नाही? टाकीवाले म्हणतेत दुरुस्त झालं. तू सांग."

सगळ्यांच्या माना मोनालीकडे वळल्या. जे घडलं ते घडून, तिच्या तोंडून ऐकूनही, गाव तिलाच विचारत होतं. इंदूबाईला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"मले मालूम नाही, मावशी," मोनाली म्हणाली.

"आँ? तुले मालूम नाही तर कोणाले मालूम?"

"कोणालेच नाही. पाहाव लागन. पाइप कोठून येते, नाल्यापाशी कसा जोडला, ते आपण आत्ता जाऊन पाहू. अन् पाणी बाटलीत भरून मी उद्या नागपूरले तपासाले टाकते. कागद आला की तुमच्यासमोर वाचून दाखवते. तवरी उकळा."

"लाकडं का तुही वाहिनी देईन?"

विहारभर हसू फुटलं. मोनालीही नाक ओढत हसली.

"वाहिनी आता मलेच काही देणार नाही, मावशी."

"मंग चाल," म्हातारी म्हणाली आणि आपली काठी शोधायला लागली.

रुपराव चपला घालून केव्हाच बाहेर उभा होता. त्याच्यामागे मोनाली, तिच्यामागे काठी टेकत वच्छलाबाई, मग अर्धं विहार. काही बाया, काही मोबाइलवाले, आणि भंतेजीसुद्धा चीवर सावरत. गुरुजी ग्रंथ गुंडाळता गुंडाळता थांबले आणि दारातून म्हणाले, "अहो, जेवणं?" कोणी ऐकलं नाही.

इंदूबाईच्या गुडघ्यांना नाल्यापर्यंतची वाट झेपणारी नव्हती. ती विहाराच्या पायरीवर बसली. बांध्यांमधून ती माणसं एकामागे एक जाताना दिसत होती, भाऊ पुढे, हातवारे करून काही सांगतो आहे, आणि लेक मान खाली घालून ऐकते आहे. तिच्या हातात कोणाची तरी रिकामी बाटली होती.

खिरीच्या गंजापाशी राहिलेली एक सून जवळ आली.

"आत्याबाई, खीर थंडी होऊन राहिली. तुमाले वाढू का?"

"नोको वं," इंदूबाई म्हणाली. "येऊ दे त्याईले. खालची लाकडं जरा आत सारून घे."